मुलांच्या हातीं कोणतीं चरित्रें द्यावींत?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यांतील गांवोगांवच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि शाळांतील कित्येक बाक रिकामे होतात. अशा वेळीं पुस्तकांच्या कपाटाकडे पाहतां आमच्या मनांत येतें कीं, आईबापांच्या कोयत्यामागून गेलेल्या या मुलांच्या घरांसारख्या घरांतून पुढें आलेलीं माणसें या कपाटांत कितीशीं भेटतात?

हल्लीं उपेक्षित समाजांतील थोर स्त्रीपुरुषांचीं चरित्रें मुलांसाठीं लिहिलीं जात आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र तीं कशीं लिहावींत, याविषयीं आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत.

मुक्ता साळवे हिचें उदाहरण घेऊं. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकणारी ही मातंग समाजांतील मुलगी. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षीं तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, व १८५५ सालीं तो 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. धर्माच्या नांवाखालीं चाललेल्या अन्यायाचा जाब तिनें विद्वानांस निर्भयपणें विचारला. तिचें हें धैर्य आमच्या प्रत्येक विद्यार्थिनीस कळावें. परंतु तिच्यासाठीं शाळेचें दार कोणीं उघडलें, आणि तें उघडतांना त्यांनीं काय सोसलें, हेंही त्याच पुस्तकांत आलें पाहिजे.

आतां आमच्याच आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे श्री. अविनाश साबळे पाहा. आईवडील विटभट्टीवर राबत, शाळा कोसांवर. पुढें ते सैन्यांत गेले, व तेथें त्यांच्या धांवण्यास वळण लागलें. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत त्यांनीं ८ मिनिटें ११.२० सेकंदांत पुरी करून रौप्यपदक मिळविलें; सुवर्णपदक सेकंदाच्या विसाव्या हिश्शानें हुकलें. २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदकही जिंकलें.

अशीं चरित्रें सांगून "जिद्द असली कीं सर्व कांहीं साधतें" एवढाच बोध आपण काढला, तर उसाच्या फडांत गेलेल्या मुलास काय वाटेल? आपण मागें राहिलों, तो आपल्याच जिद्दीचा दोष! आधींच ज्याची शाळा सुटली, त्याच्या माथीं हा दोषही मारणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. शाळा दूर असणें हें भूषण नव्हे; ती दूर करावयाची उणीव आहे.

कोणी म्हणतील, इतकें सांगितल्यास मुलांची उमेद खचेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. थोरांसही कोणाच्या तरी हाताची गरज लागली, हें कळल्यानें दुर्बळ मूल हात मागावयास लाजणार नाहीं, आणि सुखवस्तु घरचें मूल हात पुढें करावयास शिकेल. म्हणूनच हीं पुस्तकें अमुक समाजाच्या मुलांसाठीं म्हणून निराळीं न ठेवतां सर्वांच्या हातीं द्यावींत.

पालकहो, मुलांस चरित्र वाचून दाखवितांना "याला मदत कोणीं केली?" हा प्रश्न अवश्य विचारा. आणि बालमित्रांनो, हंगाम संपून तुमचा बाकावरील सोबती परत येईल, तेव्हां त्याच्यापुढें आपली वही उघडा, आणि बुडालेले धडे त्याच्यासह पुन्हा वाचा. मुक्तेची गोष्ट वाचल्याचें तें खरें सार्थक होईल.