मालक, कारभारी आणि खरेदीदार

गिरगाव-परळकडच्या अनेक जुन्या चाळींतील भाडेकरूंनी मालकाला वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. येतो तो कारभारी. भाडेपावती तोच फाडतो आणि खोलीचे हस्तांतर होताना पागडीतील मालकाचा हिस्साही त्याच्याच हातून जातो. अशा मालकाशी परस्पर व्यवहार करून इमारत घ्यावी व मधल्याची दलाली वाचवावी, हा बाहेरच्या खरेदीदाराचा हिशेब वरकरणी बिनतोड वाटतो.

मालकही विकण्यास उत्सुक असतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली खरी. पण दीडशे रुपयांवर ती सहा रुपये होते, आणि सहा रुपयांत जिन्याची फळीही बदलत नाही.

तथापि, मालक विकतो ती कागदावरची मिळकत. खोलीत प्रत्यक्ष राहतो कोण, पोटभाडेकरू कुठे आहे, कोणाची पावती अद्याप मयत वडिलांच्या नावे निघते, हे ज्ञान कारभाऱ्याच्या वहीत, पुष्कळदा केवळ त्याच्या डोक्यात असते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०९ व्या कलमानुसार नवा मालक जुन्याच्या जागी येतो. विक्रीने भाडेकरार तुटत नाही. वेगळा करार नसल्यास मागील थकबाकीवर त्याचा हक्क नसतो. विक्रीची कल्पना नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला दिलेले भाडेही त्याला पुन्हा मागता येत नाही. ज्याला टाळून व्यवहार केला, त्याच कारभाऱ्याच्या दारी शेवटी जावे लागते, आणि तेव्हा त्याची किंमत वाढलेली असते.

या ज्ञानासाठी कारभाऱ्याची गरज नसलेला ग्राहक एकच: स्वतः भाडेकरू. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात घातलेल्या प्रकरणाने उपकरप्राप्त इमारतींतील सत्तर टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात इमारत संपादून घेण्याची वाट दिली. दीडशे रुपयांच्या खोलीला पंधरा हजार! मालक न्यायालयात गेले, यात नवल नाही. त्या वादातून निघालेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे, असा निर्णय दिला.

सक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा राजीखुशीच्या खरेदीचा विचार भाडेकरूंनी अधिक गांभीर्याने करावयास हवा. बाहेरच्याहून थोडी अधिक किंमत देऊनही ते फायद्यात राहू शकतात, कारण मोकळी खोली त्यांना कोणाकडून सोडवून घ्यावयाची नसते. मालकाचे नाव नगर भूमापन कार्यालयातील मिळकतपत्रिकेवर पाहता येते. चाळीच्या सभेने तेवढी खेप मात्र क्वचितच घातलेली असते.