विमा पाच वर्षांचा, भरपाई एकाच वर्षाची

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

विषय : वाहन विम्याचा कागद गाडीवाल्याला कळेल असा करण्याबाबत

महोदय,

पाडवा आणि दसरा हे आमच्याकडे गाडी घेण्याचे मुहूर्त. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाहेर गाडीला हार घालून नारळ फोडणं चालू असतं आणि आत टेबलावर सह्यांचा सपाटा. कर्जाचे कागद, पासिंगचे कागद आणि त्यातच कुठेतरी पॉलिसी. विकणारा मुलगा घाईघाईत एवढंच सांगतो, ‘काका, इन्शुरन्स पाच वर्षांचा आहे, टेन्शन घेऊ नका.’ काका टेन्शन घेत नाहीत. कागद डिकीत जातो आणि तिथेच राहतो. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ते खोटं म्हणता येत नाही, म्हणूनच ते जास्त महागात पडतं.

आपल्याला हे ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे म्हणून वाचकांसाठी सांगतो. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा हवाच, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १४६ सांगतं. पहिल्या वर्षानंतर लोक विमा भरतच नाहीत आणि अपघातात सापडलेल्याचे हाल होतात, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आदेश दिला. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घेणं बंधनकारक झालं. निर्णय योग्यच होता. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान. आपली गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात बुडाली किंवा झाडाखाली चेपली, तर पैसे ‘ओन डॅमेज’ या वेगळ्या भागातून मिळतात आणि शोरूममधल्या नेहमीच्या पॉलिसीत तो भाग एकाच वर्षाचा असतो. दोन्ही भाग तीन-पाच वर्षांसाठी एकत्र देणारं पॅकेज आपल्या प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२० पासून बंद केलं. एवढी रक्कम एकदम भरणं अनेकांना झेपत नव्हतं, त्यामुळे तेही समजण्यासारखं. मात्र त्यातून एकाच कागदावर दोन मुदती आल्या आणि लोकांच्या डोक्यात त्यातली मोठी तेवढी राहिली.

मी सांगलीचा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आम्ही विसरलेलो नाही. पूर ओसरला की गॅरेजांपुढे चिखलाने माखलेल्या दुचाक्यांची रांग लागते. मेकॅनिक इंजिनाखालचा नट सोडतो आणि काळ्या ऑइलऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी डब्यात पडतं. इंजिनात पाणी शिरल्याची ती खूण. मग मालक भिजलेली पॉलिसी उलगडतो. पहिल्या पानावर बारीक इंग्रजी अक्षरांत मुदतीच्या दोन ओळी असतात. ‘लायबिलिटी’ची ओळ सांगते, अजून तीन वर्षं शिल्लक. ‘ओन डॅमेज’ची ओळ सांगते, मुदत गेल्याच वर्षी संपली. त्या माणसाने विमा बुडवलेला नसतो. विमा जिवंत आहे असंच तो धरून चाललेला असतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं.

बरं, ओन डॅमेज चालू असलं तरी पुढे आणखी एक खड्डा आहे. पुराचं नुकसान पॉलिसीत बसतं, पण बुडालेली गाडी कोणी किक मारून सुरू करायला गेला आणि त्यात इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी त्याला ‘परिणामी नुकसान’ म्हणते आणि हात वर करते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच घ्यावं लागतं. म्हणून सरळ सल्ला असा : गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर स्टार्टरला हात लावू नका. पाणी कुठपर्यंत चढलं याचे फोटो काढा, बॅटरीची वायर सोडवा, कंपनीला कळवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या. हा चार ओळींचा मजकूर जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विमाधारकाच्या मोबाइलवर मराठीतून जायला कितीसा खर्च येईल? आपण सांगितलंत तर कंपन्या पाठवतील.

आता शोरूमच्या टेबलाकडे येऊ. ‘ऑन रोड’ किमतीत विम्याचा एकच आकडा लिहिलेला असतो आणि गिऱ्हाईक तो सरकारी कर असल्यासारखा मुकाट भरतं. खरं तर त्या आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या नव्या दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आहेत. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की सुमारे ४,५४४ रुपये. इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. ओन डॅमेजचे दर मात्र २००७ पासून खुले आहेत. कंपनी बदलली की तो आकडा बदलतो आणि जादा कवचं घ्यायची की नाही हे गिऱ्हाइकाच्या हातात असतं. डीलरने विशिष्ट कंपनीचीच पॉलिसी गळ्यात मारू नये, यासाठी आपण २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. पण ‘बाहेरून इन्शुरन्स घेतलात तर कॅशलेस होणार नाही’ हे वाक्य आजही शोरूममध्ये ऐकू येतं. गिऱ्हाइकाने डीलरला विचारावं, ‘थर्ड पार्टी किती, ओन डॅमेज किती, बाकीचं काय काय? लिहून द्या.’ लिहून मागितलं की आकडा बऱ्याचदा खाली येतो.

त्या ‘बाकीचं’मध्ये एक ओळ मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची असते, १५ लाख रुपयांची. आमच्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे सर्रास. हा विमा नोंदणीकृत मालकाचाच असतो. मुलगा चालवताना पडला तर त्यातून त्याला एक रुपया मिळत नाही. मालकाकडे लायसन्सच नसेल तर हे कवच त्याला लागूच होत नाही. आणि मालकाकडे आधीच १५ लाखांचा अपघात विमा असेल तर प्रत्येक गाडीबरोबर तो नव्याने विकत घ्यायची गरज नाही. यातली कोणती गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगतं?

पहिल्या क्लेमला बसणारा धक्का वेगळाच. स्कूटरचं बाहेरचं अंग बहुतेक प्लास्टिकचं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. ज्याला हे ठाऊक असतं तो पहिली काही वर्षं घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ कवच घेतो किंवा समजून-उमजून घेत नाही. ज्याला ठाऊक नसतं तो बिल हातात घेऊन सर्व्हेअरशी भांडतो. ‘नो क्लेम बोनस’चंही तसंच. क्लेम न घेतल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात दुसऱ्या वर्षी २० टक्के, आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम घेणं तोट्याचं ठरतं. पण ओन डॅमेजची मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला सगळा बोनस जातो. पाच वर्षांच्या भरवशावर बसलेला माणूस हे ९० दिवस नकळत घालवतो.

जुन्या गाडीच्या बाजारात तर कागदाकडे कोणी बघतच नाही. ‘मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सही करून दिली, विषय संपला’ असं विकणारा समजतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे की, आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. म्हणून आरसीवरचं नाव बदलल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विकणाऱ्याने झोपू नये. घेणाऱ्याने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर गाडीचं स्वतःचं नुकसान मागायला गेल्यावर ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न येतो. आणि बोनस गाडीबरोबर जात नाही. तो विकणाऱ्याचा, त्याने तो नव्या गाडीला लावून घ्यावा.

महोदय, आपण काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जून २०२४ च्या परिपत्रकाने ग्राहक माहिती पत्रक आलं आणि कागद अपुरे म्हणून क्लेम नाकारायला बंदी झाली. विमा लोकपालाची कार्यालयं महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे आहेत. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभरात दाद लागली नाही, तर तिथे वकिलाशिवाय, फुकट, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईसाठी जाता येतं. यंत्रणा आहे. अडचण तिच्या आधीची आहे, आणि लोकपालही तिथे काही करू शकत नाही : मुदत संपलेल्या विम्याचा क्लेम नाकारला तर तो नियमानेच नाकारलेला असतो.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत.

एक : पॉलिसीचं पहिलं पान गिऱ्हाइकाच्या भाषेत असावं. त्यावर ठळक अक्षरांत दोनच ओळी : ‘दुसऱ्याचं नुकसान : अमुक तारखेपर्यंत’ आणि ‘तुमच्या गाडीचं नुकसान व चोरी : अमुक तारखेपर्यंत’. दोन तारखा वेगळ्या असतील तर दुसरी लाल शाईत.

दोन : शोरूमच्या कोटेशनमध्ये विम्याचा एकत्रित आकडा लिहायला मनाई करावी. थर्ड पार्टी, ओन डॅमेज, अपघात विमा आणि प्रत्येक जादा कवच वेगळ्या ओळीत, आणि निदान तीन कंपन्यांचे दर शेजारी शेजारी असावेत.

तीन : ओन डॅमेज संपण्यापूर्वी कंपनीने पाठवायच्या संदेशात ‘पॉलिसी नूतनीकरण’ एवढंच मोघम नको. ‘यानंतर गाडी चोरीला गेल्यास भरपाई मिळणार नाही’ असं लिहिलेलं असावं. भाषा मराठी.

चार : आरटीओत नाव बदललं की त्याची खबर आपोआप विमा कंपनीला जावी. नोंदणीची माहिती ‘वाहन’ प्रणालीवर आहेच. परिवहन मंत्रालयाशी बोलून हे जमण्यासारखं आहे.

दुसरी मागणी सोडली तर यातल्या कुठल्याही मागणीने कंपन्यांचा हप्ता एक रुपयाने कमी होत नाही. उलट ओन डॅमेज भरणारे वाढतील, म्हणजे त्यांचा धंदाच वाढेल. मग हे अडतं कुठे, याचं उत्तर आम्हाला आपल्याकडूनच हवं आहे.

आणि वाचकांना एक विनंती. प्राधिकरणाचं उत्तर येईपर्यंत थांबू नका. पॉलिसी बाहेर काढा, ‘ओन डॅमेज’ची ओळ शोधा आणि तिच्यापुढची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीला आज विमा नाही, मग शोरूममध्ये कोणी काहीही सांगितलेलं असो.

आपला,
सांगलीचा एक गाडीवाला