ठसा चित्रकाराचा, हात मुद्रकाचा

१८६७ च्या कायद्याने छापील पुस्तकावर व पत्रकावर मुद्रकाचे नाव देणे बंधनकारक केले, ते त्याच्या गौरवासाठी नव्हे. मजकूर आक्षेपार्ह निघाल्यास कोणास धरावे हे सरकारला कळावे म्हणून! तरीही त्या निमित्ताने का होईना, हस्तपत्रकाच्या तळाशी मुद्रकाचे नाव राहिले. कलेच्या क्षेत्रात तेवढेही घडले नाही. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्याची लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे महाराष्ट्रातील देवघरांत पोहोचली. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करणारे कारागीर मात्र अनामच राहिले.

लिनोछापाच्या बाबतीत हा अन्याय अधिक बोचतो, कारण येथे मुद्रक केवळ यंत्र फिरवीत नाही. लिनोलियम हे जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि तागाचे कापड यांपासून बनते. (जवस मराठवाड्याच्या रानाला परका नाही; सोयाबीनने त्याला बांधावरूनही हुसकावले, ही गोष्ट वेगळी.) चित्रकार त्यावर उलटे कोरतो. तो तुकडा लाकडावर बसवून खिळ्यांच्या उंचीस आणणे, छाप फिकी उठते तेथे खालून पातळ कागद चिकटविणे, उन्हाळ्यात सैल पडणारी शाई सांभाळणे, ही कामे मुद्रकाची. पिकासोने १९५० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधील व्हालोरी गावी लिनो हाती घेतला, तेव्हा त्याला अर्नेरा नावाच्या स्थानिक मुद्रकाचा आधार मिळाला. पुढे पिकासो एकच तुकडा टप्प्याटप्प्याने कोरून अनेक रंग छापू लागला. या पद्धतीत एका रंगाच्या सर्व प्रती निघाल्यावर आधीचा ठसा नष्ट होतो. मुद्रकाची चूक दुरुस्त करता येत नाही. हा अर्नेरा कोणी पॅरिसचा नामांकित कलामुद्रक नव्हता, हे नांदेड-लातूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावे.

ऑफसेट आल्यावर आपल्याकडील ट्रेडल यंत्रे भंगाराच्या भावाने गेली आणि आयुष्यभर उलटी अक्षरे वाचणारे खिळे जुळारी निरुद्योगी झाले. यंत्राला निदान भंगाराची किंमत आली. कौशल्याला तीही नाही. या भागातील चित्रकला-शिक्षकांनी व तरुण चित्रकारांनी उरल्यासुरल्या मुद्रकांचा शोध घेतला, तर दोघांचेही साधेल.

मात्र व्यवहार जुन्या दराने होऊ नये. हजारी दराने मजुरी मिळणारा मुद्रक वेगाकडे पाहणार, हे उघड आहे. लिनोछापाच्या प्रती पन्नास निघतात आणि त्यांचे मोल सर्व छापा सारख्या उठण्यात असते. तेव्हा मजुरीऐवजी विक्रीत ठरावीक वाटा द्यावा. पाश्चात्त्य कार्यशाळांत मुद्रकाला एक प्रत देण्याची आणि समासात त्याची मुद्रा उमटविण्याची रूढी आहे, तीही पाळावी. चित्रकार पेन्सिलीने जेथे सही करतो, त्याच समासात मुद्रकाच्या नावापुरती जागा सहज निघते.