तोफ नवी झाली, दारूगोळा कुठे आहे?

अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फॅमागुस्टा’ हा सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाडा पेटला, तो सोडून देण्याचा आदेश आला. पण तोफ अजून चालते आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तिथेच वीरगतीला गेले.

तोफ शाबूत असली म्हणजे आतली माणसे वाचतातच असे नाही. जुन्या रणगाड्यांच्या आधुनिकीकरणाची चर्चा चालते, तेव्हा नेमके हेच मागे पडते.

आधुनिकीकरण व्यर्थ आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. स्लोव्हेनियाने टी-५५ या जुन्या रणगाड्यावर १०५ मिमीची तोफ आणि लेझर अंतरमापक बसवले; असे २८ रणगाडे २०२२ मध्ये युक्रेनला दिले गेले. रात्री पाहू शकणारी, अंतर अचूक मोजणारी यंत्रणा मिळाली की जुना रणगाडाही पहिल्याच गोळ्यात लक्ष्य टिपू शकतो.

आपला प्रश्न भारतीय लष्कराच्या टी-७२ रणगाड्याचा, म्हणजे ‘अजेय’चा आहे. मार्च २०२५ मध्ये त्याच्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनांऐवजी १००० अश्वशक्तीची इंजिने घेण्याचा २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. गरज होतीच. पण या रणगाड्यात तोफ आपोआप भरणाऱ्या चक्रात २२ गोळे असतात आणि ते चक्र बुरुजाखाली, माणसांच्या पायाशी फिरते. उरलेले गोळेही आतच, माणसांच्या आसपास. चिलखत भेदले गेले आणि हा साठा पेटला, की अख्खा बुरूज उडतो. युक्रेनच्या रणभूमीवर जगाने ते वारंवार पाहिले. दुर्बीण कितीही नवी बसवा, गोळ्यांची जागा बदलत नाही. शिवाय चिलखत भेदणारा बाणासारखा गोळा जितका लांब, तितका त्याचा मारा खोल. त्या लांबीला या चक्राचीच मर्यादा पडते. म्हणून नुसती तोफ बदलूनही पूर्ण लाभ पदरात पडत नाही.

टी-७२ ची जागा घेण्यासाठी १,७७० नवे रणगाडे आणण्याच्या प्रस्तावाला सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने मान्यता दिली. ते पलटणींपर्यंत पोहोचायला वर्षे लागतील. तोवर दुरुस्त केलेला टी-७२ हा नव्याच्या बरोबरीचा धरून हिशेब मांडणे धोक्याचे आहे, आणि त्या आधारावर नव्याला उशीर लावणे तर अक्षम्य.

यापुढे आधुनिकीकरणाच्या कराराची बातमी वाचाल, तेव्हा तोफेच्या पल्ल्याआधी एक विचारा: आतल्या माणसांपासून दारूगोळा वेगळा केला आहे का?