जेसीबी आल्यावरच कळतं

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय होणार हे मला एका सोमवारी सकाळी साडेसातला जेसीबीने कळवलं. ऑनकॉलची रात्र काढून नुकताच आडवा झालो होतो. खाली जाऊन बोर्ड वाचला: अकरा मजले, दोन तळघरं, आणि परवानगीची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. म्हणजे बिल्डर, आर्किटेक्ट, महापालिका, सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीला भिंत लावून राहणारी आम्ही चाळीस कुटुंबं तेवढी राहिलो.

महापालिकेत गेलो. तिथले साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्हाला कळवायची तरतूदच नाही." मला वाटलं टोलवतायत. घरी येऊन कायदा वाचला. (डॉक्युमेंटेशन वाचायची सवय नोकरीने लावलीय.) साहेब खरं बोलत होते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर कलम ३७ प्रमाणे राजपत्रात सूचना द्यावी लागते, हरकती मागवाव्या लागतात, बाधित व्यक्तींना नोटीस द्यावी लागते. छान. राजपत्र तुमच्यापैकी किती जण उघडतात ते विचारत नाही. पण प्रत्यक्ष इमारतीच्या परवानगीपाशी, कलम ४४-४५ मध्ये, शेजारी गायबच होतो. ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर नियमात बसणारी परवानगी दिली गेली असं मानायचं. आणि परवानगी नाकारली किंवा अटी घातल्या तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. कोणाला? अर्जदाराला. परवानगी चुकीची दिली गेली असं शेजाऱ्याला वाटलं, तर त्याने वकील गाठावा.

आमच्या ऑफिसात बटणाचा रंग बदलायला दोन जणांचा रिव्ह्यू लागतो.

यावर ठरलेलं उत्तर असतं की शेजाऱ्यांना विचारलं तर ब्लॅकमेल सुरू होईल, प्रकल्प रखडतील. ब्लॅकमेल आजही चालतं, आणि कागद लपलेले असतात म्हणूनच चालतं. माहितीच्या अधिकारात फाईल काढणारा एकटाच असला की त्याचा भाव वाढतो. तीच फाईल चाळीस घरांना फुकट मिळाली तर तो विकणार काय? शिवाय मी नकाराधिकार मागत नाहीये. आमचेच काही काका "व्ह्यू जातो" म्हणून हरकत घेतील. खुशाल फेटाळा. व्ह्यू कोणी खरेदीखतात लिहून घेतलेला नाही.

पण कुठली भिंत फुगलीय, जुना नाला कुठे बुजवलाय, पावसात पाणी कुठून येतं, हे नकाशात नसतं. शेजाऱ्याला माहीत असतं. २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत लगतच्या बांधकामावरच्या मजुरांच्या शेडवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही. सामायिक भिंतीचा प्रश्न आमच्या झोपेपुरता नसतो. भिंतीपलीकडे झोपणारे आमच्याहून गरीब असतात.

इंग्लंडमध्ये साध्या अर्जालाही जागेवर सूचना लावतात किंवा लगतच्या मालकांना, राहणाऱ्यांना पत्र पाठवतात आणि २१ दिवस देतात. राहणाऱ्यांना, हे महत्त्वाचं. आमच्या इमारतीत निम्मे भाडेकरू आहेत. इथेही बोर्ड लागतोच, फक्त काम सुरू झाल्यावर. तोच बोर्ड अर्ज दाखल होताच लावा. लगतच्या सोसायट्यांना एक पत्र टाका. २१ दिवस ६० दिवसांत आरामात बसतात, कोणाचा प्रकल्प एक दिवसही लांबत नाही.

आता आमच्या पार्किंगच्या कडेला भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडलीय. फोटोसकट तक्रार दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "सदर बाब परवानगीधारकास कळविण्यात येत आहे."