पांढऱ्या रणाच्या अलीकडे

या आठवड्यात मुंबई-पुण्याच्या बऱ्याच मोबाइलवर कच्छच्या सहलीचा एक आयता कार्यक्रम फिरत होता. स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी कुणीतरी मन लावून तयार केलेला. मुंबईहून पहाटे किती वाजता निघायचं, सुरतेच्या अलीकडे पेट्रोल कुठे भरायचं, पौर्णिमेच्या आसपास खोल्या किती आधी ठरवायच्या, सगळं त्यात होतं. फक्त विरमगामपासून सामखियाळीपर्यंतच्या टप्प्यासमोर तीनच शब्द लिहिलेले होते : 'पाहण्यासारखं काही नाही.'

आजचं सदर या तीन शब्दांवर आहे. 

आधी पांढऱ्या रणाबद्दल. भुजहून उत्तरेला ऐंशी-एक किलोमीटरवर धोरडो आहे. वाटेत भिरंडियाराला परवाना काढायचा, तिथला ताजा मावा खायचा आणि पुढे निघायचं. पावसाळ्यात समुद्राचं पाणी वाऱ्याने आत ढकललं जातं, वरून लुणीसारख्या नद्यांचं पाणी येतं, आणि हा सगळा सपाट प्रदेश उथळ पाण्याखाली जातो. ऑक्टोबरनंतर पाणी उन्हाने उडून जातं आणि मागे मिठाचा पापुद्रा राहतो. एकेकाळी हा अरबी समुद्राचाच उथळ फाटा होता. 1819 च्या भूकंपात इथली जमीन वर उचलली जाऊन अल्लाबंद नावाचा लांबलचक बांध तयार झाला आणि सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला. गुजरात सरकारचा रणोत्सव धोरडोला भरतो. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने धोरडोला जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. हे कौतुक धोरडोच्या लोकांनी कमावलेलं आहे. चांदण्या रात्री ते रण पाहायलाच हवं, याबद्दल इथे वाद नाही.

दत्तभक्तांनी काळो डुंगरही चुकवू नये. कच्छमधली ही सर्वांत उंच जागा. वर दत्तात्रेयाचं देऊळ आहे आणि तिथला नैवेद्याचा भात कोल्ह्यांना घालायची रीत आहे. पुजारी ओट्यावर भात ओततो, थाळी वाजवतो आणि हाक देतो. नरसोबाच्या वाडीला आणि गाणगापूरला वाऱ्या करणाऱ्या कितीतरी मराठी घरांना आपला दत्त इतक्या उत्तरेला, रणाच्या काठावर बसला आहे, याची कल्पना नसते.

पण पांढऱ्या रणातलं मीठ कुणी खात नाही. जेवणात आपण चिमटीने टाकतो त्या मिठातलं बरंचसं मीठ अलीकडच्या छोट्या रणात पिकतं. त्याच टप्प्यात, जिथे कार्यक्रम करणाऱ्याला काही दिसलं नाही. देशातल्या मिठाचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा एकट्या गुजरातचा आहे, आणि छोटं रण हे त्यातलं फार जुनं आगर. खाराघोडा, पाटडी, ध्रांगध्रा, हळवद, माळिया ही सगळी गावं या छोट्या रणाच्या काठावरची. रण पसरलं आहे सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर. हायवे त्याच्या कडेकडेने जातो आणि प्रवासी मागच्या सीटवर झोपलेले असतात.

या रणात ऑक्टोबरमध्ये पाणी ओसरलं की मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबं आत जातात. बाजली, भांडी, बायका, पोरं, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, सगळं घेऊन. पुढचे सात-आठ महिने तिथेच. झाड नाही, सावली नाही. कापड, ताडपत्री आणि काटक्यांची झोपडी बांधायची. गोडं पाणी टँकरने येईल तेव्हा. आधी विहीर खणायची, कारण इथलं मीठ समुद्राच्या पाण्याचं नाही, जमिनीखालच्या खारट पाण्याचं आहे, आणि ते समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट खारट असतं. मग जमीन पायांनी तुडवायची. दिवसचे दिवस सगळं कुटुंब एका ओळीत तुडवत राहतं, तळ घट्ट होऊन पाणी खाली मुरायचं थांबेपर्यंत. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत न्यायचं. दर वाफ्यात ते जास्त दाट होतं, आणि शेवटच्या वाफ्यात खडे धरू लागतात.

इथून खरं काम सुरू होतं. खडे तळाला एकमेकांना चिकटून बसले तर सगळा माल दगड होऊन बसेल. म्हणून लाकडी दाताळं घेऊन वाफ्यात उतरायचं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचं, दिवसामागून दिवस. पाणी घोट्यापर्यंत. पायाखाली खडे टोचतात, तळव्याला चिरा पडतात, चिरांत मीठ जातं. पाण्याचा रंग आणि पायाला लागणारा खडा एवढ्यावरून अनुभवी अगरिया सांगतो, अजून किती दिवस. असं मुरवलेलं मीठ मोठ्या, स्वच्छ, चौकोनी खड्यांचं निघतं. गुजरातीत त्याला वडागरू म्हणतात. अगरियाचे पाय मिठाने इतके कडक होतात, की चितेवर ते नीट जळत नाहीत आणि मग वेगळे पुरावे लागतात, असं त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

फरीदा पाचा यांनी यावर 'माय नेम इज सॉल्ट' नावाचा माहितीपट 2013 मध्ये केला. त्यातल्या कुटुंबाचं पहिलं काम लक्षात राहण्यासारखं आहे. ओसाड चिखलात काही खूण नसताना ते एका जागी खणू लागतात आणि जमिनीतून पंपाचं इंजिन बाहेर काढतात. मागच्या हंगामाच्या शेवटी त्यांनीच ते पुरून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात या रणावर पाणी पसरणार, सगळं वाहून जाणार, आणि ओझं वाहून नेण्याचं भाडं परवडणार नाही. तेव्हा जमिनीच्या पोटात ठेवायचं आणि पुढच्या वर्षी शोधून काढायचं. हा माहितीपट पाहिलेला माणूस विरमगामच्या पुढे झोपणार नाही.

एवढ्या कष्टांचा भाव काय? अगरियाच्या हातात किलोमागे पडणारी रक्कम पैशांत मोजायची, रुपयात नाही. हंगाम सुरू होतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे भाव ठरवण्याचा हक्क आधीच गेलेला. पूर्वी डिझेलचा खर्च हंगामाच्या कमाईतला मोठा वाटा खाऊन जायचा. आता सौरपंप आले आहेत. सेवा या स्त्रियांच्या संघटनेने त्यासाठी आधी वाट काढली, नंतर सरकारी अनुदानही मिळू लागलं, आणि ज्या घरी पंप आला तिथे हातात चार पैसे उरू लागले. हा खरा बदल आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. मात्र एका अवकाळी पावसात तयार पीक विरघळतं, कधी नर्मदा कालव्याचं सोडलेलं पाणी वाफ्यांत घुसतं, आणि तेव्हा भरपाई मागायला अगरियाकडे जमिनीचा कागद नसतो. हा सगळा भाग रानगाढवांचं अभयारण्य आहे. रानगाढवं वाचली, ही आनंदाची गोष्ट आहे. 1960 च्या दशकाअखेर काही शेच उरली होती, 2024 च्या गणनेत ती 7,672 भरली. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जमिनीत मीठ पिकवणाऱ्या माणसांची नोंद मात्र अजून धड झालेली नाही. जनावर आणि माणूस दोघंही तिथे आधीपासून आहेत, आणि कायद्याने दोघांनाही जागा द्यायला हवी.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. ठाणे-रायगडच्या खाड्यांच्या काठी आगरी समाजाच्या कितीतरी पिढ्या मिठागरांत राबल्या. 1930 मध्ये दांडीनंतर मिठाचा सत्याग्रह वडाळ्याला झाला, शिरोड्याला झाला, आणि शिरोड्याला कोकणातली साधी माणसं मीठ उचलायला गेली. मुलुंड-भांडुपची मिठागरं लोकलच्या खिडकीतून दिसायची, आता मुंबईतल्या मिठागरांच्या जमिनीवर घरांच्या योजना आखल्या जात आहेत. मीठ पिकताना पाहिलेला मुलगा आता शहरात सापडणं कठीण. पुडीच्या पलीकडे मीठ म्हणजे काय, हे त्याला दाखवायचं असेल तर छोट्या रणासारखी जागा नाही.

तेव्हा कार्यक्रमात एवढी दुरुस्ती करा. अहमदाबादहून निघाल्यावर विरमगामला उजवीकडे वळून पाटडी, दसाडा, झैनाबाद किंवा बजाणाकडे जा. तिथे वनखात्याचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या मिळतो. त्याच्या जीपमधून आत जा. स्वतःची गाडी रणात घालू नका, वरून कडक दिसणाऱ्या थराखाली ओला चिखल असतो आणि चाकं रुततात. वाटाड्याला सांगा, रानगाढवं पाहून झाली की अगरियांच्या वाफ्यांकडे घे. वाफ्याच्या बांधावर उभे राहा, आत चपला घालून उतरू नका, ते कुणाचं तरी तयार पीक आहे. फोटो काढायचा तर आधी विचारा. चहा देतील, तो घ्या. त्या चहातलं पाणी टँकरचं आहे हे लक्षात ठेवून आपल्या गाडीतला पाण्याचा एखादा भरलेला कॅन तिथे ठेवून या.

पुढे सुरजबारीच्या पुलाच्या आसपास रस्त्याच्या कडेला मिठाचे पांढरे ढीग लागतील, प्लास्टिकने झाकलेले. तिथे गाडी थांबवून मुलांना उतरवा. अभयारण्य 16 जूनपासून 15 ऑक्टोबरपर्यंत बंद असतं. मीठ पिकताना पाहायचं तर जानेवारीनंतर जा, मार्च-एप्रिलमध्ये ढीग रचायचं काम चालू असतं.