गारवा तुझा, सारवण माझं

‘नेटिव्ह प्लेस?’ या प्रश्नाला मी पाच वर्षं ‘कोल्हापूर’ असं उत्तर देतोय. खरं उत्तर गडमुडशिंगी. पण ते ऑफिसात कुणाला एका दमात म्हणता येत नाही आणि तीनदा सांगायचा मला कंटाळा येतो. परवा मात्र शेजारच्या डेस्कवरच्या मैत्रिणीच्या स्क्रीनवर आयर्लंडमधल्या खेड्यातलं एक घर दिसलं. जाड पांढऱ्या भिंती, गवताचं छप्पर, चिमुकली खिडकी. ‘सो क्यूट ना?’ मी कॉलर ताठ करून म्हटलं, ‘अगं, असलं आमचं स्वतःचं आहे!’

म्हणजे गवताऐवजी कौलं, एवढाच फरक. कोल्हापूरचा विमानतळ १९३९चा. त्याच्या धावपट्टीच्या शेजारीच आमचं गाव. विमान खाली येताना ऊस दिसतो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीचे पत्रे चमकतात, मग एकमेकांना खेटलेली घरं. आता बहुतेक स्लॅबची, डोक्यावर काळी टाकी घेतलेली. मधूनच एखादं लाल कौलांचं. त्यातलं एक आमचं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. पुढं सोपा, तिथंच एका अंगाला म्हशी, आत माजघर, मागं परडं. मे महिन्यातही दुपारी पंखा लागत नाही.

आणि त्याच आठवड्यात आईचा फोन. “औंदा पाडूया बघ. स्लॅब टाकू.”

शनिवारी सकाळी गावात हजर! हेरिटेज, मातीचा गारवा, सगळं भाषण ठोकलं. विमानतळाच्या नव्या टर्मिनलचाही दाखला दिला. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागालासुद्धा काळा दगड लावलाय. तिथं मुद्दाम लावतात आणि आपण असलेला काढून टाकायचा?

आई शेण कालवत ऐकत होती. “झालं तुझं? मग ही बादली घे आन् माजघर सारव.”

घेतली. जिमचं सगळं क्रेडिट अर्ध्या माजघरात संपलं. भिंतीला टेकून बसलो, तर पाठीला पोपडे चिकटले. मग आईनं यादीच वाचली. मिरगाच्या आधी कौलं चाळायची, ते काम करणारा माणूस मिळत नाही. पावसात भिंत ओल धरते, उंदीर पोखरतात. आणि तिचे गुडघे.

“तू वर्षातनं चारदा येणार. गारवा तुझा, सारवण माझं.”

यावर माझ्याकडं स्लाइड नव्हती.

शेवटी तह झाला. माजघर पाडून तिथं स्लॅब आणि फरशी. सोपा तसाच राहणार, पण त्याची कौलं दरवर्षी मी चाळायची. चुकलो, तर सोपाही जाणार.

काल रजेचा अर्ज टाकला. कारण : कौलं चाळणे. ठिकाण : गडमुडशिंगी. पूर्ण स्पेलिंगसकट.